श्रावणातल्या कुंड्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय, पानं पिवळी होऊन गळताहेत. पाणी तर मी घालतच नाही, पावसाचं काय ते मिळतं. (डोंबिवली)

पावसाचंच त्याला नडलंय. अडेनियम मूळचं आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या मुलखातलं, पाणी बुंध्यात साठवून ठेवणारं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. उद्यावर न टाकता आजच झाड कुंडीतून काढा, मुळांची माती झटका. मऊ, तपकिरी झालेला भाग धारदार सुरीने आतला पांढरा, टणक गर दिसेपर्यंत कापत जा. दर वेळी सुरी स्पिरिटने पुसा. चीक विषारी असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मुलांना, मांजरांना लांब ठेवा. कापावर बुरशीनाशक पूड लावून झाड आठवडाभर सावलीत, कोरड्या जागी तसंच उघडं ठेवा. जीव धास्तावतो, पण मातीवाचून ते इतके दिवस सहज राहतं. नंतर जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडं शेणखत अशा भुसभुशीत मिश्रणात लावा. पावसाळा संपेपर्यंत छज्ज्याखालीच राहू दे.

प्रश्न: घरातल्या मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडतात. खत कमी पडतंय का? (ठाणे)

खत नको. आधी कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या.

प्रश्न: जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. (सांगली)

हा पिठ्या ढेकूण. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल घ्या. साबणाच्या द्रावाचे काही थेंब घालायला विसरू नका, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. उघडीप बघून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, म्हणून आठवड्याने पुन्हा. खोडावरून मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा. किडीच्या गोड चिकट द्रवासाठी त्या तिला सांभाळतात.

प्रश्न: गेल्या वर्षी शेवंती माजली, पण दिवाळी उलटली तरी एक कळी नाही. यंदा काय करू? (पुणे)

रात्री बाल्कनीत दिवा असतो का? हा प्रश्न आला की मी आधी हेच विचारते. शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग काळोखाची रात्र लागते. दिवस लहान होऊ लागतात तेव्हा ती फुलोऱ्याकडे वळते, पण ट्यूबलाइट किंवा रस्त्याचा दिवा अंगावर पडला तर तिला अजून उन्हाळाच वाटतो. ऑगस्ट सरेपर्यंत शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतील, त्यानंतर खुडणं बंद. नत्राचं खतही थांबवा. दिवा मालवता येत नसेल तर कुंडी रात्री अंधार आणि दिवसा ऊन मिळेल अशा जागी हलवा.