पंख कोठे आणि पाय कोठे, हे पेशीला कसे कळते?

गर्भातील प्रत्येक पेशीत जनुके सारखीच असताना अवयव वेगळे कसे होतात, असा प्रश्न आहे. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत टोपल्यात कुटार अंथरून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात. तेच अंडे उदाहरणाला घेऊ. २१ दिवसांनी पिल्लू निघते, पण तिसऱ्या दिवसाच्या सुमारासच गर्भाच्या दोन्ही कुशींना बारीक फुगवटे येतात. पुढच्या जोडीचे पंख होतात, मागच्या जोडीचे पाय, आणि डीएनए मात्र दोन्हींत एकच असतो.

फरक पडतो तो ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर या प्रथिनांमुळे. असे प्रथिन डीएनएवरील ठरावीक लहानसा अक्षरक्रम ओळखून तेथे चिकटते, सहायक प्रथिनांना जवळ आणते, आणि मग शेजारच्या, किंवा डीएनएला वळण पडल्याने जवळ आलेल्या दूरच्या जनुकाची आरएनए-प्रत काढणारे एन्झाइम कामाला लागते, म्हणजेच ते जनुक चालू होते. काही फॅक्टर उलट हे काम थांबवतात.

पंखाच्या फुगवट्यात टीबीएक्स-५ हा फॅक्टर असतो, पायाच्या फुगवट्यात पिटएक्स-१. संशोधकांनी १९९९ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या पंखाच्या फुगवट्यात पिटएक्स-१ तयार करवला, तेव्हा त्या पंखात पायाची लक्षणे उमटली. मला हा फार बोलका पुरावा वाटतो.

तरीही फॅक्टर एकटा पुरत नाही. डीएनए घट्ट गुंडाळलेला असेल तर बहुतेक फॅक्टरना आपली जागा गाठताच येत नाही. कोणता भाग गुंडाळलेला आणि कोणता मोकळा, हे पेशीच्या प्रकारानुसार बदलते. म्हणूनच एकच फॅक्टर दोन प्रकारच्या पेशींत निरनिराळी जनुके चालू करू शकतो.