आयजीजी क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आलंय, त्रास कधीच नव्हता. गर्भ नळीत राहिला तो यामुळेच का?

हो, हे कारण असू शकतं, पण फक्त या रिपोर्टवरून ठामपणे सांगता येत नाही. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू बहुतेक बायकांमध्ये काहीच लक्षण दाखवत नाही, आणि काहीजणींमध्ये तसाच नकळत गर्भनलिकेपर्यंत पोचतो. तिथे बरंचसं नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीने जंतूशी लढताना केलेल्या दाहामुळे होतं: बीज पुढे सरकवणारे केसासारखे बारीक तंतू झडतात, व्रण राहतात आणि गर्भ वाटेतच रुजतो. आयजीजी म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली रक्तातली प्रतिपिंडं; ती सापडली म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता. हा रिपोर्ट वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतो, आणि अशा कितीतरी जणींना व्यवस्थित दिवस जातात. आत्ता जंतू आहे का, हे स्वॅबच्या (योनीमार्गातून काडीने घेतलेल्या नमुन्याच्या) पीसीआरवरून, म्हणजे थेट जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीवरून कळेल. असला तर जोडीदारानेही औषध घ्यायलाच हवं. पुढच्या वेळी मात्र सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या.