भुसावळातल्या दोन फुटी समुद्री टाकीला प्रोटीन स्किमर लागतोच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळात घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे. त्यात दोन क्लाउनफिश, थोडे झोएंथिड आणि मश्रूम कोरल (दोन्ही मऊ अंगाचे, टणक सांगाडा नसलेले) ठेवायचे आहेत. दुकानदार म्हणतो, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) घेतला नाही तर महिन्याभरात सगळं मरेल. हे खरं आहे का?

नाही. एवढ्या टाकीला आणि एवढ्या जिवांना स्किमर लागत नाही. तो जे काम करतो ते दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलून होतं. आपल्याकडे छोटी रीफ टाकी, म्हणजे कोरलची टाकी, कोलमडते ती एप्रिल-मेमध्ये, पाणी तापून आणि त्यातला ऑक्सिजन कमी पडून. स्किमरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी त्या बंदोबस्तावर घाला.

स्किमर नेमकं काय करतो ते डाळ शिजताना दिसतं. उकळी आली की वर फेस येतो आणि आपण तो डावाने काढून टाकतो. स्किमरच्या नळकांड्यात पंप हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतो. माशांची घाण, उरलेलं खाद्य, कोरलचा चिकट स्राव यांतल्या काही रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याला चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि कपात पडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे तिथे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हाच स्किमर जवळजवळ काहीच करत नाही.

आता त्याची मर्यादा. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट फेसाला चिकटत नाहीत. घाण सडण्याआधी स्किमर तिचा काही भाग उचलतो. सडून तयार झालेलं नायट्रेट पाण्यातच राहतं. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांपैकीही साधारण २० ते ३५ टक्केच स्किमरच्या हाती लागतात, असं मोजणीत दिसून आलं आहे. बाकीचं काम दगडावरचे जिवाणू, कार्बन आणि पाणी बदलणं यांनाच करावं लागतं. म्हणजे स्किमर लावला तरी पाणी बदलणं सुटत नाही, आणि तुमच्या मापाच्या टाकीत ते फार सोपं आहे.

हिशेब बघा. तुमची टाकी काठोकाठ ५६ लिटरची. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी राहतं सुमारे ४८ लिटर. समजा तुमच्या खाद्याच्या मापाने आठवड्याला ४ पीपीएम (दहा लाखांत ४ भाग) नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला १० लिटर म्हणजे २१ टक्के पाणी बदललं, तर नायट्रेट चढत चढत १९ पीपीएमच्या आसपास स्थिरावतं आणि पाणी बदलल्यावर १५ वर येतं. पाचच लिटर बदललं तर ते ३८ पर्यंत जातं. दहा लिटर, पण पंधरवड्यातून एकदा, असं केलं तरी तेच ३८. म्हणून माप आणि वार दोन्ही ठरवून घ्या. झोएंथिड आणि मश्रूमना ५ ते २० नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ फॉस्फेट छान मानवतं.

उलट, पाणी फार स्वच्छ झालं तर हे कोरल आक्रसतात. दोन लहान मासे आणि दमदार स्किमर अशी जोडी लावली की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येऊ शकतात. मग वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेला थर येतो. तो डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जिवांचा. लोक त्याला घाण समजून आणखी पाणी बदलतात आणि तो आणखी वाढतो. तुमच्यासारख्या टाकीत स्किमर नसणं हे माझ्या मते कमीपणाचं नाही, बऱ्याचदा सोयीचंच आहे.

स्किमरऐवजी काठावर लटकणारा एक साधा फिल्टर लावा. त्यात पांढरं फिल्टर वूल ठेवा आणि ते दर तिसऱ्या दिवशी बदला. हे ‘दर तिसऱ्या दिवशी’ शब्दशः घ्या. वूलमध्ये अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते, ती तिथेच सडत असते. आठवडाभर ठेवलेलं वूल नायट्रेटचा कारखाना होतं. वूलच्या मागे जाळीच्या पिशवीत २० ते २५ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन, आरओच्या पाण्यात धुऊन, तीन ते चार आठवड्यांनी नवा. पाण्याचा पिवळेपणा आणि कोरल एकमेकांवर सोडतात ती रसायनं कार्बन ओढून घेतो. गोठवलेलं खाद्य देत असाल तर ते चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याने धुवा. त्याच्या रसात फॉस्फेट असतं आणि मासे तो रस खात नाहीत.

दगड साधारण ५ ते ६ किलो पुरे. तो कोरडा सच्छिद्र किंवा सिरॅमिकचा घ्या. टणक सांगाड्याचे, म्हणजे प्रवाळखडक बांधणारे सगळे कोरल, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावरून उचलून आणलेला प्रवाळाचा दगड कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून दाखवला तरी घेऊ नका. आणखी एक सांगतो, विषय वेगळा असला तरी: झोएंथिड असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, बाहेर काढून ब्रशने घासू नका, हाताला जखम असेल तर हातमोज्यांशिवाय धरू नका. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं आणि ते वाफेतूनही माणसाला बाधतं.

बदलायचं पाणी कसं करायचं? आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. शिवाय रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खतांचा वापर मोठा असल्याने त्यात नायट्रेटही असू शकतं, आणि नायट्रेट अडवण्यात आरओची मेम्ब्रेन इतर क्षारांपेक्षा थोडी कमी पडते. घरच्या पिण्याच्या आरओला चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० ते १०० दिसतो. तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, किंवा मेम्ब्रेननंतर थेट वेगळी नळी काढून, पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. दोन-तीन दिसायला लागलं की रेझिन बदला.

झाकणाच्या, खाण्यायोग्य प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर असं पाणी घ्या, त्यात आधी छोटा पंप चालू करा आणि मग थोडं थोडं करून सुमारे ३७० ग्रॅम रीफचं मीठ टाका. कोरड्या मिठावर पाणी ओतू नका. कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं आणि मग विरघळत नाही. काही तास फिरू द्या, टाकीच्या तापमानाला येऊ द्या, मग क्षारता मोजा. ती हवी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना घनता सुमारे १.०२६. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबर असेलच असं नाही. ३.६५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६.३५ ग्रॅम शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवा. या द्रावणावर त्याने ३५ दाखवायला हवं. वर्षाला तुम्हाला साधारण १९ ते २० किलो मीठ लागेल, त्यामुळे छोटी पुडकी न घेता मोठी पिशवी घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात ते ओल धरतं.

आता उष्णतेकडे येतो, कारण खरी अडचण इथेच आहे. टाकी २५ ते २७ अंशांवर ठेवायची, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास. पाणी ३० च्या वर काही दिवस राहिलं की कोरल पांढरे पडायला लागतात. त्याच वेळी ऑक्सिजन घटतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. माशांची गरज मात्र उष्णतेने वाढलेली असते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात, कारण रात्रभर दिवे बंद असल्याने शेवाळ आणि कोरलही ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात.

स्किमरच्या बाजूने खरा मुद्दा असेल तर तो इथे आहे: तो पाण्यात भरपूर हवा मिसळतो. पण वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड थोडं वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवलात तरी हे काम बहुतेक भागतं. आणि लाइट गेली की दोन्ही बंद. म्हणून लाइट जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर टाका. वेव्हमेकर आणि छोटा पंखा मिळून १५ वॅट धरले तर चार तासांना ६० वॅट-तास होतात. घरच्या १५० एएच बॅटरीला ते जाणवतही नाही. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर हे छोटे पंप गुणगुणतात आणि तापतात.

गारव्यासाठी टाकीच्या वरून तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा आणि काचेचं झाकण काढून जाळी ठेवा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: खोलीत कूलर चालू असला की हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा परिणाम घटतो. खोली गार झाल्याचा फायदा असतो, पण कूलरचा झोत आणि टाकी यांत अंतर ठेवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. जून संपून हवा ओली झाली की पंख्याचा उपयोग फारसा होत नाही, पण तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो. अडीनडीला अर्धा लिटरची बंद बाटली गोठवून टाकीत सोडा; ४८ लिटर पाणी तिने साधारण एक अंशाने उतरतं. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. पंखा भागत नसेल तर कम्प्रेसरचा छोटा चिलर, आणि स्किमरच्या आधी चिलर.

पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. दिवसात दीड लिटर उडालं तर ३५ ची क्षारता ३६ च्या वर जाते. काचेवर पातळीची खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ त्या खुणेपर्यंत शून्य टीडीएसचं गोडं पाणी भरा, मिठाचं नव्हे.

मग स्किमर कधी घ्यावा? तिसरा-चौथा मासा टाकायचा असेल, कोरलना रोज पातळ खाद्य द्यायचं असेल, १० लिटर नियमित बदलूनही नायट्रेट ३० च्या खाली येत नसेल, किंवा नायट्रेट पाडण्यासाठी व्हिनेगर देणार असाल तेव्हा. व्हिनेगरने जिवाणू एकदम वाढतात आणि ऑक्सिजन खातात. तिथे स्किमर हवाच. खाली संप (फिल्टरसाठीची वेगळी टाकी) नसेल तर मागे लटकणारा किंवा टाकीत बसणारा छोटा घ्या, शक्यतो पृष्ठभागावरून पाणी ओढणारा, म्हणजे वरचा तेलकट पापुद्राही जातो. खोक्यावर लिहिलेली लिटरची क्षमता हलक्या भाराच्या टाकीसाठी असते. तुमच्या पाण्याच्या दीडपट-दुप्पट आकडा पुरे. त्याहून मोठ्या स्किमरला फेस धरायला पुरेशी घाणच मिळत नाही.

नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे नीट चालत नाही. कारखान्यातला तेलाचा अंश निघून जाईपर्यंत तो कधी ओसंडतो, कधी नुसते बुडबुडे सोडतो. या काळात आतली पातळी खाली ठेवा, रोज स्क्रू फिरवत बसू नका. पुढे फेसाची रेघ मानेच्या, म्हणजे कपाखालच्या अरुंद नळीच्या, तळाशी राहिली पाहिजे आणि कपात कोऱ्या चहासारखं गडद पाणी जमलं पाहिजे. शेवभाजी खाऊन हात नीट न धुता टाकीत घातला तर तेलाने फेस काही तास बसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. उलट, क्लोरीन काढायचं औषध किंवा माशांचं औषध टाकलं की फेस आवरत नाही. मानेला चिकटलेला थर आठवड्यातून दोनदा पुसा, हवेच्या नळीत साचणारं मीठ कोमट आरओच्या पाण्याने सोडवा, पंप महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये भिजवा.

छोट्या टाकीत सर्वांत मोठा धोका ओसंडण्याचा. आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलं असेल आणि रात्री स्किमरने तीन लिटर खारं पाणी बाहेर फेकलं, तर यंत्र तेवढंच गोडं पाणी भरतं आणि सकाळी क्षारता ३५ ची ३२.८ झालेली असते. म्हणून भरणाऱ्या यंत्राची बादली दोन लिटरहून मोठी ठेवू नका. लाइट जाऊन आली की पहिली दहा मिनिटं स्किमर सहसा उफाळतो, तेव्हा कपाकडे लक्ष द्या.

सुरुवातीला पाणी कुठलं वापरणार आहात, नळाचं की बोअरचं, आणि त्याचा टीडीएस किती, ते कळवा. मेम्ब्रेनमागे रेझिन किती लागेल ते त्यावरून सांगता येईल.