आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात बीटाडिन घालणार आहेत, ते सुरक्षित असतं का?

हो, आईच्या डोळ्यात घालू द्या. ऑपरेशनआधी वापरतात ते ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन (बीटाडिनमधलं जंतुनाशक), डोळ्यासाठीच बनवलेलं. ते साधारण तीन मिनिटं ठेवून सलाईनने धुऊन काढतात. पापण्यांवरचे जंतू ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात शिरले तर आतला संसर्ग नजर घालवू शकतो. तो टाळण्यासाठी हा उपाय इतका महत्त्वाचा आहे की मी तो कधीच नाकारणार नाही. नंतर दिवसभर खुपतं, डोळा कोरडा वाटतो, पण बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असली तरी चालतं. आयोडीन लावून पूर्वी खरंच रिॲक्शन आली असेल, तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा; मग पाण्यातलं अगदी सौम्य क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक वापरता येतं.

पण कृपा करून घरातली जखमेवर लावायच्या बीटाडिनची बाटली डोळ्यात घालू नका! हात-त्वचा धुण्याच्या बीटाडिन स्क्रबमध्ये साबणासारखं द्रव्य असतं, त्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. हात धुण्याचं ४ टक्के क्लोरहेक्सिडीन तर त्याहून वाईट, त्याने कायमचे डाग पडल्याच्या नोंदी आहेत. डेटॉल, स्पिरिट, सॅनिटायझरही नको. चुकून उडालंच तर लगेच १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.