शीख धर्मात दहाव्या गुरूंनंतर अकरावा गुरू का झाला नाही?

झाला की, फक्त तो माणूस नाही. ऑक्टोबर 1708 मध्ये आपल्या नांदेडातच दहावे गुरू गोविंदसिंगांनी शीखांच्या पवित्र ग्रंथासमोर (म्हणजे गुरू ग्रंथ साहिबासमोर) पाच पैसे आणि नारळ ठेवून माथा टेकवला आणि गादी ग्रंथाला दिली, असं परंपरा सांगते. नांदेडचा हजूर साहिब गुरुद्वारा आहे ती जागा हीच.

पाच पैसे आणि नारळ ही रीत पहिल्या गुरूंपासूनची. गुरू नानकांना दोन मुलगे होते, तरी 1539 मध्ये त्यांनी लहणा नावाच्या शिष्याला निवडलं, त्याला ‘अंगद’ म्हणजे आपल्याच अंगाचा असं नाव दिलं, आणि त्याच्यापुढे स्वतः वाकले. मला यातली खरी गोम ही वाटते: जुना गुरू जिवंतपणी, चारचौघांत नव्याच्या पाया पडतो. मग कुरकुर करायला जागा उरत नाही. (तरी झालीच. चौथे गुरू रामदासांनी धाकट्या मुलाला, अर्जनांना गादी दिली तेव्हा थोरल्या पृथीचंदने उभा दावा मांडला.) तिसरे गुरू अमरदास तर गादीवर आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. चौथ्यापासून मात्र गादी एकाच घराण्यात राहिली.

दहाव्या गुरूंचे चारही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले होते. पण वारस नव्हता म्हणून ग्रंथ, हे उत्तर मला अपुरं वाटतं. लहणा तरी कुठे मुलगा होता?

शीखांमधला नामधारी पंथ मात्र आजही देहधारी गुरू मानतो.