आधी स्पीकर हलवा, मग अ‍ॅम्प बदला

पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल १० बाय १२ फुटांचा असेल, तर ४७, ५६ आणि ९४ हर्ट्झच्या आसपासचा खर्जाचा आवाज भिंतींमध्ये घुमून फुगतो. मग डग्ग्याचा घुमारा पुढच्या मात्रेवर सांडतो. महागडा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) हे बरं करत नाही.

स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी घाला. उरलेला फुगवटा इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करायची सोय) ३-४ डेसिबल उतरवा. आवाज जिथे दबतो ते खड्डे मात्र भरू नका, अ‍ॅम्पवर उगाच ताण येतो.

बसायच्या जागी मोजलेला, खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंतच्या आवाजाचा आलेख सपाट करायचा हट्ट सोडा. वरचे स्वर किंचित उतरते ठेवले, तर तासभराच्या ख्यालानेही कान शिणत नाहीत. तानपुऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) सुटी ऐकू आली की मोजमाप थांबवा.