कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर पहिल्यांदा बसताना

घाबरू नकोस, सुरुवातीला पडद्यावर सगळ्यांनाच नुसती राखाडी रांगोळी दिसते. आधी बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) तेवढा ओळखायला शीक. मेलानोमा या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरच्या वाटेला आत्ता जाऊच नकोस.

- कापून काढलेला त्वचेचा तुकडा काचेवर सपाट बसव. कड उचललेली राहिली की तिथलं काहीच दिसत नाही, आणि तपासायची असते नेमकी कडच.
- आधी अख्खं चित्र, मग झूम.
- अ‍ॅक्रिडीन ऑरेंज या रंगद्रव्याने पेशींची केंद्रकं चमकतात. त्यांची दाट बेटं, काठाला कुंपणासारखी ओळ, बाजूला काळी फट दिसली तर कॅन्सरच्या गाठीचा संशय घे.

केसांची मुळं हुबेहूब अशीच भासतात, मीही फसलोय. तैलग्रंथीच्या पेशी मात्र फुगीर, केंद्रकं विरळ. शंका आली की त्याच तुकड्याची एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या नेहमीच्या रंगांची) स्लाइड शेजारी ठेवून बघ.